तुटक्या रिळातला तुकडा

बाबा, तो तुकडा सापडला. जुन्या इंग्रजी पिक्चरमधल्या बँडनं वाजवलेल्या गतीतला, त्या धुनेच्या मधला, जो तुम्ही जन्मभर शोधत होतात. परवा दुपारी तुमच्या नातीनं मोबाइल माझ्यासमोर धरला, "मम्मी, यही है क्या?" पांढरे कोट घातलेली ती वीसेक माणसं, चकचकीत कर्णे, अन् पुढं उभा राहून क्लॅरिनेट वाजवणारा तो बारीक मिशीचा माणूस. मी म्हटलं, हव, हेच. पण मधली जागा यायच्या आधीच बंद केलं. भीती वाटली. काहून, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे.

रविवारी सकाळी इंग्रजी शो असायचा. रायपुरातल्या आपल्या गुढियारीतून सायकलच्या दांड्यावर बसवून तुम्ही मला टॉकीजला न्यायचे. आई म्हणायची, "पोट्टीले काय समजते त्यातलं?" तुम्ही म्हणायचे, "मले तरी कुठं समजते?" अन् खरंच, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातल्या माणसाला त्या गोऱ्या लोकांची बडबड काय कळणार! पण बँड सुरू झाला की तुमची बोटं माझ्या खांद्यावर चालायला लागत, जसं काही माझा खांदाच क्लॅरिनेट आहे. प्रिंट गावोगाव फिरून झिजलेली. ऐन गतीच्या मधे रीळ तुटलेलं, कसंबसं चिकटवलेलं. बँड खालच्या सुरावर थांबतो न थांबतो तोच पडदा हिसका देई अन् बँड एकदम वरच्या सुरात! लोक शिट्या मारत. तुम्ही कपाळावर हात मारून म्हणायचे, "इथलं काहीतरी खाल्लं यांनी." तो एकच पिक्चर आपण तीन रविवार पाहिला. दर वेळी तुम्हाला वाटे, आज नीट दिसेल. काय पण आशा!

गत तुम्ही कानानं बसवली. ती जागा आली की क्लॅरिनेट तोंडातून काढायचे, जरा थांबायचे अन् वरून उचलायचे. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या तुमच्या बँडमधले म्हणत, "घाला ना मनानं काही, कोणाले समजते?" तुम्ही ऐकलं नाही. मी नववीत असताना गाता गाता माझा सूर चुकला अन् मी खोकल्याचं नाटक केलं. केवढे भडकला होतात! "चुकला तर चुकला म्हण. झाकाचं नाही." दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. मी त्या दोन दिवसांत धड जेवलेसुद्धा नाही.

मग नवं राज्य झालं अन् आपलं रायपूर त्याची राजधानी. मला शंकर नगरच्या ऑफिसात नोकरी लागली, तिथल्या नव्या खुर्च्यांवरचं प्लास्टिकही अजून निघालं नव्हतं. इन्स्टिट्यूटमध्ये नव्या राज्याचा जलसा ठरला अन् रिटायर झालेल्या तुम्हाला बोलावणं आलं, ती गत वाजवा म्हणून. तुम्ही साफ नाही म्हणालात. "अर्धी चीज मी लोकांसमोर नाही वाजवत." पण रोज संध्याकाळी पेटी उघडून क्लॅरिनेट पुसत बसायचे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, फुप्फुसं थकलीत, पुढच्या वर्षी यांना फुंकता येणार नाही. मला ते पुसणं पाहवेना. एक दिवस ऑफिसातून आले अन् चप्पल काढता काढता ठोकून दिलं, "बाबा, काल केबलवर तो पिक्चर लागला होता. पूर्ण."

"मधलं ऐकलं?"

"हव."

"कोण वाजवते?"

"क्लॅरिनेटवालाच."

तुम्ही डोळे मिटलेत. "मले वाटतच होतं," म्हणालात. "गाऊन दाखव."

चार दिवस ऑफिसच्या टेबलावर बोटं वाजवत जुळवलेलं ते गायले. खालच्या सुरातून पायरी पायरीनं वर चढणारं. तुम्ही एकदा ऐकलं अन् लगेच वाजवलं. मला वाटलं, आता पकडतील. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "कान चांगला आहे तुया, पोट्टे." जन्मात एकदाच केली माझी तारीफ, अन् तीही खोट्यावर. जलशात अख्खी गत वाजवलीत, कुठं न थांबता. पुढच्या उन्हाळ्यात गेलात.

काल शेवटी हिंमत केली. कुकर उतरवला, ओट्याला टेकले अन् पूर्ण पाहिलं. तिथं काहीच नाही हो, बाबा. बँड थांबतो. एक बाई अन् एक माणूस नुसते बूट वाजवत नाचतात, टकाटक टकाटक, बस. तुमचा तो मिशीवाला रुमालानं तोंड पुसत उभा आहे. मग बूट थांबतात अन् बँड वरून उचलतो, तुम्ही थांबून उचलायचे तसाच. म्हणजे तुमचं आधीपासून बरोबर होतं. अन् हे सांगायला तुम्ही नाही. मी खूप रडले. पोरगी विचारत होती, "क्या हुआ?" तिला काय सांगू?

खोटं बोलले त्याची माफी मागायची म्हणून हे पत्र काढलं होतं. पण ते काही होत नाही माझ्याच्यानं. आज सकाळपासून तीनदा लावलं. बूट वाजायला लागले की मी माझा तुकडा गुणगुणते. बरोब्बर बसतो, बाबा. बूट थांबतात तिथंच संपतो, अन् वरचा सूर लागतो तेव्हा वाटतं, आलात.