बारा गावांचा कोबी

३ ऑक्टोबर
पाच ओळींच्या त्या कागदाची खरी किंमत – कचेरीत उभ्याने साडेतीन तास, चपलेचा तुटलेला अंगठा, आणि 'शांत माणूस' म्हणून वीस वर्षं जपलेलं नाव. ओरडलोच मी!

काय लिहिलंय? म्हणे सरकारी पीकमोजणीत आपल्या बारा गावांत कोबी घटला, पेरू वाढला. म्हणून शीतगृह फळांचं बांधणार, भाजीचं नाही. कोबी घटला? यंदा माझ्या रोपवाटिकेतून कोबीची नऊ लाख रोपं गेली. आजवर एवढी कधीच गेली नव्हती!

४ ऑक्टोबर
डोकं अजून तापलेलं. पत्र्याच्या शेडमध्ये चार ट्रे मांडून सुरुवात केली मी. या बारा गावांत कुठे काय लागणार, ते जमिनीच्या आधी मला कळतं. फाटकाशी बसायचं, कान उघडे ठेवायचे. आणि हे खुर्चीत बसून मोजणार!

ही म्हणाली, "कागदावर जिची सही आहे, त्या मोजणीवालीलाच बोलवा. भांड्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?"

पातेलं हातून निसटलं होतं. आपटलं नव्हतं.

६ ऑक्टोबर
भाजीच्या शीतगृहासाठी अर्ज. एकशे चार सह्या! मेव्हण्याने मात्र मान खाली घालून केली. चहाही नको म्हणाला. तो!

७ ऑक्टोबर
मोजणीवाली आली. माझ्या धाकटीएवढी पोर. "काका, मी बांधाबांधाने फिरलेय."

वही ठेवली पुढ्यात – गिऱ्हाइकाचं नाव, गाव, रोपं. तिने पानं उलटली. "रोपांचे टेम्पो कुठे जातात, ते लिहिता?"

कशाला लिहू? गाववाल्यांना आधी, बाहेरच्यांना उरली तर – नियमच आहे माझा. "उद्या चला माझ्याबरोबर," म्हणाली. चलतो की! तोंडावर पाडतो तुला.

ती गेल्यावर मेव्हण्याला धरलं.

"दाजी, रागावू नका. माझी रोपं नदीपलीकडे गेली, साडूकडे. तुम्ही बाहेरच्यांना आधी देत नाही ना, मग सगळेच आपल्या नावावर घेऊन पाव्हण्यांना धाडतात."

सगळेच! "आणि तुझ्या रानात?"

"पेरू. तुम्हाला सांगणार कोण? अंगावर येता."

अंगावर येतो म्हणे! मी!

८ ऑक्टोबर
बाराही गावं फिरलो, तिच्या मोटरसायकलवर मागे बसून. कोबीची शेतं दोन.

एक माझं.