शांत बशी

३ मार्च

चि. सौ. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग जीव कळवळला. सांध्यांच्या सुजेवर स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्यापासून तू दिसेल ते खात सुटलीस आणि सासूबाईंनी खाऊचे डबे वरच्या फळीवर नेले, हे काही बरं नाही.

तुला वाटतं चरबी म्हणजे नुसता आळशी गोळा. अगं, प्रयोगशाळेत मी दिवसभर तिचीच चाकरी करते. ऑपरेशनमधून आलेले चरबीचे तुकडे बशीत ठेवायचे, काहींत इन्सुलिन आणि तुझ्या गोळीसारखं हार्मोन घालायचं, आणि त्यातून किती प्रथिन बाहेर पडतं ते बघायचं. 'पोट भरलं' हा मेंदूकडे जाणारा निरोप म्हणजे ते प्रथिन. हार्मोन घातलं की निरोप वाढतो. तुझी चरबी बिचारी कंठशोष करतेय, मेंदूनंच कानात बोळे घातलेत! एका बशीत मात्र आम्ही काहीच घालत नाही. ती हळूहळू शांत होते. दमले की मला तीच आवडते.

पाठ मोडून आलीय, इथंच थांबते. लोभ तुझ्या वजनासारखा वाढत राहो.

तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी शांत बशी मला फार पटली. गेल्या शुक्रवारपासून गोळ्या बंद केल्या, कुणालाही न विचारता. आणि काय सांगू, भूक कुठल्या कुठे पळाली! हे आपणहून म्हणाले, आता जरा माणसात आलीस. सासूबाईंनी डबे खाली आणले.

जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येते, अन्नाचा वास नकोसा होतो. म्हणजे गुण येतोय ना? सारखी झोप येते, बोलायचाही कंटाळा. त्यामुळे घरात शांतता आहे आणि सगळे खूश आहेत. मीही असेन.

तुझी (थोडेच दिवस) ठमी

२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल हॉस्पिटलातून घरी आले. पत्र वाचून तू फोन केलास, तेव्हा हे म्हणाले होते ना, झोपलीय, कशाला उठवता? तू ओरडलीस म्हणून उठवायला आले, आणि मी उठेना.

डॉक्टरांनी चांगलीच खरडपट्टी काढली. इतके महिने बाहेरून मिळाल्यावर शरीर ते हार्मोन स्वतः बनवायचं विसरतं. एकाएकी तोडलं तर माणूस विझत जातो. गोळ्या पुन्हा सुरू झाल्यात. कमी करायच्या त्या डॉक्टर सांगतील तशाच. आणि 'सगळं माझ्या पत्रानं झालं' असं तू म्हणत बसू नकोस. मी त्यातलं हवं तेवढंच वाचलं.

अजून फार थकवा आहे. पण आज दुपारी कडकडून भूक लागली. सासूबाईंनी वाढलं आणि शेजारी बसून राहिल्या. दोन घास खाल्ले आणि भरल्या ताटावर रडू आलं.

मला ठमी म्हणणं सोडू नकोस. मला जाड म्हणणारे इथं पुष्कळ आहेत, पण मी गप्प झाले तेव्हा घाबरलीस ती तू एकटीच. लोभ वाढता ठेव, वजनाचं मी बघते.

तुझीच ठमी