कालव्यावरचा दगडी बंगला

१२ नोव्हेंबर
आज रुजू झाले! साताऱ्याहून बारामती, तिथून इंदापूरची एसटी, शेळगाव फाट्यावर मालकांची जीप. हॉटेल म्हणजे कालवा बांधणाऱ्या गोऱ्या साहेबाचा जुना बंगला. काळा घडीव दगड, चुन्याचे सांधे, वर कौलं. भिंती इतक्या जाड, की माझ्या खोलीच्या खिडकीत मांडी घालून चहा प्यायले. समोर डाळिंबाची बाग. मॅनेजरची पहिलीच नोकरी आणि अशी खोली! आईला फोटो पाठवले.

१५ नोव्हेंबर
मालक विजयसिंहराव यांनी पाहुण्यांसाठी बंगल्याचा इतिहास लिहायला सांगितलाय. कालव्याचं काम संपलं आणि साहेब विलायतेला परत गेला, एवढंच ते सांगतात. तेही अंगणात उभं राहून. उंबऱ्याच्या आत ते एकदाही आलेले नाहीत. आत झकास स्वयंपाकघर आहे, तरी स्वयंपाकाच्या प्रयागबाई मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रांधतात. म्हणाल्या, आत धूर कोंडतो. आत गॅस आहे.

१९ नोव्हेंबर
कपाटाचं दार पलंगाला अडतंय. पहिल्या दिवशी सताड उघडत होतं. खिडकीच्या गजापर्यंत आता हात पोचत नाही. मी बाजाराला बारामतीला गेले, की मालक गवंडी लावतात का? पण चुना जुनाच. सांध्यांतली कोळिष्टकंसुद्धा जुनी.

२१ नोव्हेंबर
प्रयागबाईंचा हातच धरला. त्यांनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, “साहेब कुठं गेला न्हाय, पोरी. हितंच हाय, भिंतीत. माणूस ऱ्हायलं की घर आतनं वाढतंय.”
माझ्याआधीची मॅनेजर राजलक्ष्मी लग्न करून पुण्याला गेली, असं मालक म्हणाले होते. तिच्या चपला अजून शेडमध्ये आहेत.
मला आधी का नाही सांगितलं, असं विचारलं.
“सांगितलं असतं तर ऱ्हायली असतीस व्हय? रिकामं ठिवलं, की भिंत बाहेर सरकती. आमच्या वस्तीकडं.”
खोलीत गेले नाही. प्रयागबाईंजवळ शेडमध्येच झोपले.

२२ नोव्हेंबर
सकाळी बंगल्याची मागची भिंत शेडला टेकलेली. पत्रा चेपलेला. प्रयागबाई रडत होत्या, माझ्याकडं बघत नव्हत्या.
मालकांना सांगितलं, मी चालले. ते शांतपणे म्हणाले, खुशाल जा, संध्याकाळी पाहुणे येतायत. नवरा-बायको आणि चार वर्षांची मुलगी.
अंगणातूनच त्या पाहुण्यांना फोन केला. हॉटेल बंद झालंय, येऊ नका. बाई खूप चिडल्या. चिडू देत.
फक्त बॅग घेते आणि निघते.

दुपार
बॅग उचलली — मागं वळले — दार नाही. दगड. गार, ओलसर —
ओरडले. बाहेर मालकांचा आवाज स्पष्ट येतोय. प्रयागबाईंना चहा टाकायला सांगतायत.
भिंतीआड रेंज नाही.
खिडकीचा उजेड मुठीएवढा — आता तेवढाही —
खांद्याला दगड लागला. दोन्हीकडून.
भिंतीतून बाईचा आवाज — अगदी कानाशी — घाबरू नकोस म्हणते — जरा सरकून घे, माझ्या शेजारी अजून जा