मृगात न पेरलेलं रान

गोदाकाठ, १२ जून १९९०

चि. सर्जेराव,
बदनापुरी सगळे सुखरूप असाल. आक्काचे आशीर्वाद.

यंदा काठच्या चार एकरात मी कपाशी लावणार न्हाई. दोन साल झाले, पाऊस एकदम कोसळतो, गोदावरी चढते अन् उभं पीक घेऊन जाते. मंग ठरवलं, काठ मृगात मोकळा ठेवायचा अन् पूर उतरल्यावर गाळात शाळू पेरायचा. वरच्या दोन एकरात तूर-मूग आहेच.

दीर कारभारी पारावर सांगून राह्यले, की भावाच्या माघारी वहिनीनं रान पडीक पाडलं. आर्द्रा सरेपर्यंत रिकामं दिसलेलं रान भावकीतल्या दुसऱ्यानं पेरायचं, हा इथला रिवाज. मी बिलकुल भीत न्हाई.

लेकरांना माझे पापे दे.
तुझी आक्का, चांगुणा

बदनापूर, ५ जुलै १९९०

ती. आक्कास,
पायावर डोकं ठेवून नमस्कार.

कारभारीदादा परवा घरी आल्ते. लोक हसतात, माहेरचा माणूस म्हणून तुम्ही शब्द द्या, मी पेरतो, म्हणाले. मी दिला. रिकामं रान म्हणलं की माझाच जीव खालीवर होतो. तू एकटी, गावाशी वैर कशाला?

रागावशील, पण माया पातळ करू नको.
तुझा धाकटा, सर्जेराव

गोदाकाठ, ६ ऑक्टोबर १९९०

चि. सर्जेराव,
आशीर्वाद, पण अर्धेच.

तीन महिने जवाब दिला न्हाई, इतका संताप होता. रान माझं अन् शब्द तू दिलास. विचारायला एक कार्ड पुरलं असतं. तुझ्या शब्दावर कारभारींनी कपाशी लावली, मी बांधावरून बघत राह्यले. पोळ्यानंतर पूर आला, सगळी गेली. मला आनंद झाला न्हाई, घाम त्यांचाही होता. नदी मात्र वीतभर गाळ ठेवून गेली.

गाळ सुकून पेरणीजोगा वाफसा आला तशी मी तिफण जुंपली. बाईच्या तिफणीमागं येणार न्हाई म्हणून गड्यानं अंग काढलं. मंग मीच हाकली, शेजारची बेबीनंदा चाड्यात बी सोडत आली. शाळू आता बोटभर झालाय.

काल तलाठी पीकपाहणीला आले. कारभारींनी तुझा शब्द सांगून कसणारा म्हणून स्वतःचं नाव लिहायला लावलं. मी पदर खोचून पुढं गेले. म्हणले, शब्द देणाऱ्याचं रान बदनापूरला असेल, तिथं जाऊन मोजा, हे माझं आहे. तलाठ्यांनी ते खोडून माझं नाव लिहिलं तवाच मी तिथून हलले. काठावरच्या सहा बाया माझ्या मागं उभ्या होत्या. पुढल्या मृगात त्याही काठ मोकळा ठेवणार.

भाऊबीजेला ये, पुरणपोळी करीन. येताना पारावर कुणी माझ्या रानाचं विचारलं, तर सांग, आक्काला विचारा.

तुझी, अजून रागातलीच, आक्का