तिसऱ्या फाटकाचा डोळा

जालना,
आश्विन शुद्ध त्रयोदशी, रविवार

चि. वंदनास,

अंगददादाचे आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम आहे, एक गोष्ट सोडून. ती गंभीर आहे, बसून वाच.

तू राधेश्यामदाजींच्या हाती पाठवलेली लोणच्याची बरणी उघडत नाही. गरम पाणी झालं, फडकं झालं, दोन श्लोकही म्हणून झाले. झाकण दाजींनी लावलंय हे उघड आहे. कैरीच्या चार फोडींसाठी एवढ्या बळाची योजना? मी कोरडी भाकरी खाऊन निषेध नोंदवतो आहे.

बरणीसोबतची चिठ्ठी मात्र सहज उघडली. "दादा, तुझ्या त्या बोर्डापायी मिल सारखी बंद पडून राह्यली. ह्यांना मुकादम बोलतो. जरासं सैल सोड ना." अक्षर तुझं, भाषा दाजींची. फोनवर तू रडतेस आणि मी हरतो, म्हणून उत्तर कागदावर, आजच गावाकडे निघणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरहाती.

आमच्या मिलमध्ये तापून लाल झालेली लोखंडी सळई फिरत्या रोलांतून धावते. तिथल्या प्रत्येक फाटकाला प्रकाशाचा एक डोळा आहे. त्याच्यापुढे काही आलं की रोल थांबतात. ह्या डोळ्यांचे बोर्ड माझ्या केबिनमध्ये. त्यांना बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची. एक अक्षर चुकलं की बोर्ड आज्ञा परत पाठवतो, अगदी पाठशाळेतल्या गुरुजींसारखा. फक्त कान धरत नाही.

दसऱ्यापासून तिसऱ्या फाटकावर मिल थांबू लागली. पाहतो तर पूजेचा झेंडूचा हार बरोबर डोळ्यापुढे लोंबतोय. वाळल्याशिवाय यंत्राचा हार काढायचा नाही, ही इथली रीत. "पाप माझ्या नावावर," म्हणून मीच काढला. मुकादमानं कानाला हात लावले.

काल मिल पुन्हा थांबली. व्यवस्थापक काकासाहेब केबिनमध्ये आले.

"अंगदराव, तिसरा बोर्ड बंद करून टाका. जल्दी."

मी आज्ञा अक्षरन् अक्षर टाइप केली आणि कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला. "सगळं तयार आहे. एंटर तेवढं तुम्ही दाबा."

"मी कशाला? हे काम तुमचं हाये."

"माझं काम डोळा उघडा ठेवायचं. मिटायचा असेल तर तुमच्या बोटानं मिटा."

त्यांचं बोट कीबोर्डापर्यंत आलं, मग चष्मा पुसायला गेलं. मी आज्ञा पुसली. "लई शास्त्र शिकलात तुम्ही," म्हणाले. मी म्हटलं, "थोडंच शिकलो, पण पक्कं."

आता उद्या ते बाहेरून दुसरा माणूस आणणार आहेत. आणू देत. मी दारातच खुर्ची टाकून बसणार आहे. मला उचलून बाहेर ठेवायला चार माणसं लागतील, आणि त्यातला एकही माझ्या वजनाला तयार होणार नाही.

काल मिल का थांबली, हे तू विचारशील. नाही विचारलंस तरी सांगायला हवं.

हार काढल्यावर मिल थांबली, तेव्हाही डोळा चुकला नव्हता, वंदे. मी जाऊन उभा राहिलो आणि पाहिलं. सळई वाकडी निघाली की मिल थांबवून सरळ करायची असते. दाजी थांबत नाहीत. चिमटा घेऊन खांद्यापर्यंत फाटकात शिरतात. मी ओरडलो, तर हसून म्हणाले, "भाऊ, वीस वर्षं असंच करून राह्यलो. तुमचा डोळाच लई भित्रा." आणि सगळी पाळी हसली.

रोल थांबले होते म्हणून हसता आलं.

माझं ते ऐकणार नाहीत. तुझं ऐकतात. उद्याच्या पाळीआधी त्यांना फोन कर, वाटल्यास रड. ह्या कामी तुझं रडणं मला चालेल.

बरणी तशीच ठेवली आहे. ती दाजींनीच येऊन उघडावी. मला नोकरीची भीती नाही. उद्या मला दारातून उठवलं, तर मागे डोळा बंद असेल आणि दाजींना ते ठाऊक नसेल. त्यांच्या हातांची भीती वाटते.

तुझा,
दादा