ए कुठली, बी कुठली

४ ऑगस्ट, नांदेड
लातूरहून रुबीनाचा फोन. आमच्या लॅबचे रेणू तिथं तीच पेशींवर तपासते. पुन्हा तेच. आमचा ए रेणू घातला तर तिच्या पेशी ढिम्म. बी घातला की विभाजन बंद. व्हायला हवं उलटं. ए बनवलाय तो विभाजन चालवणारा एन्झाइम अडवायला. बी त्याचा निकामी जुळा, एक मिथाईल गट जास्त, नुसता ताडून बघायला. तिचे सर म्हणतात, तुझा हात स्वच्छ नाही. "तिसऱ्यांदा करून राहिले गं." मी म्हटलं, अजून एकदा कर.
असं म्हणवलं कसं मला?

६ ऑगस्ट
लिहूनच टाकते. जूनमध्ये कुप्या पॅक करताना ॲसिटोननं भिजलेला हातमोजा लागला आणि दोन्हींवरची मार्करची अक्षरं गेली. डावीकडची ए, असं धरून पुन्हा लिहिली. दोन्ही भुकट्या पांढऱ्याच. तेव्हा पक्की खात्री होती. आता डोळे मिटले की डावी-उजवीच कळत नाही.

९ ऑगस्ट
गुपचूप तपासावं तर इथं कणभरही उरलेलं नाही, सगळं लातूरला दिलं. आईचा अर्धापूरहून फोन, जेवलीस का. जेवले म्हटलं. तेही खोटं.
दुपारी आमचे सर म्हणाले, "त्या पोरीला जमंना तर दुसरं कुणी बघू." म्हणजे रुबीनाचं दोन वर्षांचं काम गेलं. मी मान हलवली. भित्री कुठली.

१३ ऑगस्ट, रविवार
लातूरची एसटी. अहमदपूरपर्यंत खोटं पाठ केलं: शुद्धता बघायचीय, चिमूटभर दे. स्टँडवर रुबीना घ्यायला आलेली, डोळे सुजलेले. म्हणाली, "माझ्यासाठी एवढ्या लांब आलीस." झालं. रसवंतीच्या बाकड्यावर सगळं सांगून टाकलं.
ओरडली नाही. "दोन महिने मी माझ्या हाताला शिव्या देऊन राहिले आन् तुला म्हाईत होतं?"
लॅबमध्ये नेऊन दोन्ही कुप्यांतलं थोडं थोडं काढून दिलं. चहा विचारला नाही.

१६ ऑगस्ट
नमुने एनएमआरला दिले, रेणूची रचना दाखवणाऱ्या यंत्राला. ज्याच्या आलेखात मिथाईलची जास्तीची रेघ, तो बी. चार दिवस लागतील. लेबलं चुकलेलीच निघू देत. माझी नाचक्की होईल, पण रेणू खरा ठरेल, रुबीना सुटेल. स्वतःचं वाटोळं मागून राहिले. बरोबर निघाली तर? पुढचं सुचतच नाही.

२० ऑगस्ट
आलेख आले. मिथाईलची रेघ बी लिहिलेल्या नमुन्यात. एमध्ये नाही. लेबलं बरोबर होती.
आधी हसले. मग रुबीनाला फोन.
"मंजे तू लिव्हलेलं बरोबर."
"हाव."
"आन् माझा हातबी बरोबर."
"हाव."
मग हळूच म्हणाली, "तुझ्या सरांना कसं सांगणार गं, की रेणूच कामाचा नाही?"
आमचे सर तीन वर्षं प्रत्येक भाषणात ए दाखवतात. माझा अख्खा प्रबंध त्याच्यावर. उद्या अकराला त्यांच्या केबिनमध्ये जायचंय. रुबीना म्हणाली, सकाळच्या गाडीनं येते. नको म्हणणार होते, म्हटलं नाही. भीती वाटते. लई.