परसातली पेटी

१४ जानेवारी
संक्रांत. माझ्या मेहुण्याने, सुमनच्या भावाने, आइस्क्रीमचं दुकान बंद केलं, त्याचा डीप फ्रीजर टेम्पोने आमच्याकडे आला. स्वयंपाकघराच्या दारातून जाईना. आडवा केला, तिरका केला. चौकट काढू म्हणालो तर आई म्हणाली, "चौकटीला हात लावायचा नाही. तुझ्या वडिलांनी पूजा करून बसवलीय." शेवटी परसात, शेवग्याखाली. खाली विटा, वर जुना पत्रा. आई त्याला पेटी म्हणते.

२० जानेवारी
अवरेकाईचा, इथल्या पावट्याचा, मोसम ऐन भरात. देवराज मार्केटपासून घरापर्यंत हातांना तोच वास. आई दिवसभर पाट घेऊन बसली. रात्रभर भिजलेले दाणे, एकेकाला चिमटीत दाबून हिदकायचं, साल हातात, आतली डाळ, बेळे, पातेल्यात. हात आता कापतात, पण चिमूट चुकत नाही. पिशव्या भरून माझ्या शिलाईच्या दुकानातल्या चिंध्यांनी तोंडं बांधली, पेटीत रचली. म्हणाली, "एवढंच. पुढच्या साली तुमचं तुम्ही हिदका."
सुमन हळूच म्हणाली, "मालूला फार आवडायची."
आई पिशवीला गाठ मारत राहिली. आमच्या मुलीने, मालूने, जातीबाहेर लग्न केलं. आई लग्नाला आली नाही, तेव्हापासून नातीशी बोललेली नाही. फोन वाजला की तुळशीकडे जाते. मी आग्रह करत नाही. विठ्ठलासमोर दोघींची नावं एकत्र घेतो, तेवढंच.

११ मार्च
पेटीच्या झाकणाच्या रबराला मुंग्या. वायर उंदराने कुरतडली. वायर जुन्या पाण्याच्या पाइपातून ओवली, विटांभोवती हळद टाकली. मुंग्या हळदीवरून गेल्या.

२७ एप्रिल
संध्याकाळी गारा. पत्रा उडून शेजारच्या राजम्माच्या अंगणात. ती कुंपणावरून, "अण्णा, निमगे बेडवा, नको का हा पत्रा? मी कोंबड्यांना घेते!" तिची थट्टा चालू, इथे पेटी भिजतेय. दुकानातलं रेनकोटचं कापड आणून पेटीची मापं घेतली. लांबी, उंची, झाकणाचा घेर. आई दारातून बघत होती.
"पेटीला पोलकं शिवतोस काय रे पांडू?"
"हो. बाह्या नकोत ना?"
बऱ्याच दिवसांनी हसली.

३ ऑगस्ट
कॉम्प्रेसरच्या उबेला धामण येऊन बसली होती. सुमन ओरडली. आईने हात जोडले, मी काठीने जमीन ठोकून वाट दिली. गेली. मात्र त्यानंतर उंदीर दिसला नाही.

६ सप्टेंबर
मालूचा शिमोग्याहून फोन. पाचवा महिना. सुमन रडली, हसली, पुन्हा रडली. काय खावंसं वाटतं विचारलं, तर म्हणे, "आजीने हिदकलेल्या बेळेचं सारू." फोनचा आवाज मोठा ठेवला होता. आई जप करत होती. मणी थांबला, मग पुढे गेला.
भाद्रपदात अवरे कुठली? बाजारात सोललेल्या कोरड्या मिळतात, त्यांना तो वासच नाही.

७ सप्टेंबर
सकाळी चहाआधी आई: "पेटीत किती राहिल्यात?"
पाहिलं. वर्षभर पाहुणे, सण. तीन पिशव्या राहिल्या होत्या.
"त्यांना कुणी हात लावायचा नाही."
दसऱ्यानंतर डोहाळजेवणाला मालू इकडे यायची आहे.

११ ऑक्टोबर
खंडेनवमी. सकाळी दुकानात मशिनी, कात्र्या, इस्त्री यांची पूजा. घरी आलो तर आई तयार. "पेटीची राहिली." म्हटलं, फ्रीजर कसलं शस्त्र? "तुझ्या कात्रीपेक्षा मोठं काम करतंय या घरात." मग सगळं साग्रसंगीत झालं. झेंडूची माळ, कुंकू, दोन बाजूंना केळीची रोपं बांधली, झाकणावर चुरमुरे आणि फळांचं ताट. पूजेत आड येते म्हणून कापडी खोळ काढून ठेवली. ताट आत नेऊ का विचारलं.
"देवाचं आहे. उद्यापर्यंत राहू दे."
एवढी मनापासून पूजा तिने या वर्षी कशाचीच केली नव्हती. मीही नीट डोकं टेकलं.

१२ ऑक्टोबर
विजयादशमी. दुपारी सगळे पुढच्या खोलीत टीव्हीवर जंबू सवारी, दसऱ्याची हत्तींची मिरवणूक, बघत होतो. मागून राजम्माची हाक. "कोती! कोती! अण्णा, निम्म फ्रिज्जु!"
धावलो. डोंगराकडची माकडं. केळीची रोपं सोलून फक्त दोर उरले होते. ताट पालथं. आणि झाकण उघडं. एक मोठी माकडीण काठावर बसून बेळे खात होती, गार लागलं की हात झटकायची, पुन्हा घालायची. मी काठी उचलली तर मागून आईने मनगट धरलं.
"पोटुशी आहे रे ती. दिसत नाही?"
खरंच होती.
तिचं झाल्यावर ती गेली. दोन पिशव्या फाटल्या होत्या, बेळे परसभर. तिसरी तळाला, बर्फात चिकटलेली, शाबूत. झाकणाची बिजागरी वाकलेली. सुमन वेचायला बसली, मग थांबली. ती बेळे आता कुणाला द्यायची?
आईने राजम्माला कोंबड्या सोडायला सांगितलं.

१३ ऑक्टोबर
मिस्त्रीने बिजागरी बदलली, कडीकोयंडा लावला, भोवती जाळी. मिस्त्री म्हणाला, "सार, आत सोनं आहे काय?" आई आतून म्हणाली, "हौदु, आहे." किल्ली तिने तुळशीच्या माळेत ओवली. आता आंघोळीतही गळ्यात.
माकडं जाळीवर येऊन बसतात. शनिवारी केळी मी गल्लीच्या टोकाला मारुतीपाशी ठेवून येईन. परसात काही नाही.

२१ ऑक्टोबर
दोन दिवस झड. आज पहाटेपासून वीज नाही. कुठे तरी झाड पडलंय. गावच्या शाळेत मास्तर सांगायचे, बर्फ भुशात ठेवला की टिकतो. भुसा कुठला! दुकानातून कापसाच्या चिंध्यांची पोती आणली, पेटीभोवती रचली, वर दोन गोधड्या, त्यावर खोळ. पावसात पेटी एखाद्या आजारी माणसासारखी दिसत होती.
सुमनला राहवेना. "अहो, एकदा बघू या, मऊ पडली असेल तर आजच करून टाकू."
आई किल्ली मुठीत धरून दारात बसून होती. "उघडलं की गारवा जातो. बघायचं नाही."
सगळ्यात जास्त बघायचं तिलाच होतं. दुपारभर तिथेच. मी शेजारी बसून हरिपाठ म्हटला, ती मध्ये मध्ये सूर लावायची. झाकण न उघडता आतल्या वस्तूवर विश्वास ठेवणं, हे इतकी वर्षं भजनात बसूनही मला... असो.
दिवेलागणीला वीज आली. पेटी घरघरली. आई उठली, गुडघा धरून.

२ नोव्हेंबर
जावई बसवराजचा फोन. डॉक्टरांनी मालूला प्रवास नको सांगितलंय. घाबरायचं कारण नाही, पण पडून राहायचं. डोहाळजेवण रहित.
सुमन म्हणाली, आपण जाऊ. आई जेवताना एकदाच, माझ्याकडे न बघता, "शिमोगा किती लांब?"
"सकाळी गाडीत बसलं की दुपारी."
"हं."
पिशवीचं काय, हा प्रश्न. बर्फ घालून थर्माकोलच्या डब्यात न्यावी. वाटेत मऊ पडली तर पुन्हा गोठवून उपयोग नाही.

४ नोव्हेंबर
तिकिटं काढली, तीन. सुमनने ती दोनदा मोजली.
डब्यासाठी पिशवी शिवली. आत गोधडीचं अस्तर, वर रेनकोटचं राहिलेलं कापड, खांद्याला पट्टा.

५ नोव्हेंबर
उद्या सकाळची गाडी. संध्याकाळी आईने गळ्यातून माळ काढून स्वतः कुलूप उघडलं. हात आत घालून पिशवी बाहेर काढली. दगडासारखी. तिने ती विटेवर हलकेच आपटून बघितली. आवाज ऐकून मान हलवली. पुन्हा आत ठेवली. "सकाळी निघताना काढ."
मी शिवलेली पिशवी दाखवली. शिवण बघितली, अस्तर दाबून बघितलं, पट्टा ओढला.
"हा एवढा आखूड? तुझ्या खांद्याला कसा यायचा?"
"माझ्या मापाचा नाही."
तिने पट्टा आपल्या खांद्यावर घेतला. पिशवी बरोबर कमरेपाशी आली. मग काढून खुंटीला अडकवली आणि देवापाशी दिवा लावायला गेली.
येते म्हणाली नाही. तिचं नऊवारी, धुतलेलं, दोरीवर वाळतंय. पाऊस नाही. परसात पेटी चालू आहे, किल्ली पुन्हा तिच्या गळ्यात.